घंटेचं पाणी

वुकाशिन बोलत नव्हता. बाकी सगळं करत होता. कोंबड्यांच्या मागे धावत होता, पणजोबांची काठी लपवत होता, फडताळ उघडून रासबेरीच्या मुरंब्यात कोपरापर्यंत हात घालत होता. "तुझे बूट कुठे?" म्हटलं की बूट आणून देत होता आणि "हे कोणी सांडलं?" म्हटलं की मांजराकडे बोट दाखवत होता. म्हणजे अक्कल वयाच्या मानाने जरा जास्तच होती. कान तपासून झाले होते, ते ठणठणीत निघाले. अडीच वर्षं पुरी होत आली तरी तोंडातून शब्द काढायचं मात्र नाव नाही.

आता आमच्या ब्रेझोव्दोल गावात असं मूल काही पहिलंच नव्हतं. जिवोराद सुताराचा मुलगा चार वर्षांचा होईस्तोवर मुका राहिला, आणि आज तो दर निवडणुकीला उभा राहतो. दुसऱ्या कोणाचं मूल असतं तर लोकांनी 'बोलेल, बोलेल' म्हणून सोडून दिलं असतं. पण वुकाशिनच्या आईची आई होती प्रोफेसर दोब्रिला पेशिच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दोब्रिलाबाईंनी उभी हयात एकाच गोष्टीत घालवली: लहान मुलं बोलायला कशी लागतात. तरुणपणी त्या सुटकेसएवढा टेपरेकॉर्डर उचलून बेलग्रेडभर लोकांच्या घरी जायच्या आणि जेवणाच्या टेबलाखाली मुलांबरोबर बसायच्या. त्यांच्याकडे एका कानाचा कापडी ससा होता. तो मुद्दाम चुकीचं बोलायचा. गाईला मांजर म्हणायचा, आणि मुलं चिडून त्याला सुधारायची. त्या चिडण्यावर दोब्रिलाबाईंनी एक जाडजूड पुस्तक लिहिलं. देशातले डॉक्टर ज्या चाचणीने मुलांचं बोलणं तपासतात ती चाचणी बाईंची. दर गुरुवारी सकाळी रेडिओवर आयांच्या प्रश्नांना उत्तरं देणारा आवाजही बाईंचाच. त्यांच्या संशोधनाचं सार आमच्या गावातल्या बायकांनासुद्धा पाठ होतं: मुलाला प्रश्न विचारा, आणि मग गप्प बसा. त्याची पाळी त्याला द्या.

रासबेरीच्या तोडणीचे दिवस होते. बाईंची मुलगी तियाना आणि जावई ओग्न्येन दरवर्षीप्रमाणे ओग्न्येनच्या आईकडे, म्हणजे आमच्या स्तामेंकाकडे तोडणीला आले होते. यंदा बाईही बरोबर आल्या, नातवासाठी. त्या शनिवारी सकाळी अक्रोडाच्या झाडाखाली न्याहारी चालली होती. टेबलाच्या एका टोकाला स्तामेंकाचे सासरे मिलिसावआजोबा, वय नव्वदीच्या पलीकडे, कॉफीचा घोट घेत बसलेले. दुसऱ्या टोकाला उंच खुर्चीत वुकाशिन. आणि त्याच्यासमोर दोब्रिलाबाई, हातात सुरी.

"आजी काय करते? आजी टोमॅटो कापते. टोमॅटो कसा आहे? लाल आहे. लाल, गोल आणि रसाळ. आणि हे काय आहे? हे कायमाक आहे. कायमाक कसं आहे? पांढरं आहे. कोणी केलं? स्तामेंकाआजीने केलं. कशाचं केलं? दुधाचं केलं. दूध कोण देतं?"

वुकाशिनने तोंड उघडलं.

"हां, काय म्हणायचंय राजाला? गाय म्हणायचंय? गाय! गाय दूध देते! गाय कशी आहे?"

वुकाशिनने तोंड मिटलं, मग पुन्हा उघडून त्यात पावाचा तुकडा कोंबला.

"विहीणबाई, तुम्ही पण दोन घास खा की," स्तामेंका म्हणाली. "बोलण्यात सगळं गार झालं."

"मी त्याला भाषेचं वातावरण देतेय."

"वातावरण पुष्कळ झालं," मिलिसावआजोबा म्हणाले. "आता जरा हवा येऊ दे."

स्तामेंकाने सासऱ्यांकडे डोळे वटारले. मग खुर्ची बाईंच्या जवळ ओढून ती हळू आवाजात म्हणाली, "रागावणार नसाल तर एक सांगू? घंटेचं पाणी पाजू या त्याला. चर्चच्या घंटेवरून ओतलेलं. आमचा ओग्न्येन नव्हता बोलत, त्यालाही पाजलं होतं मी. आता बघा, विमा विकतो. एकदा सुरू झाला की ऐकणारा सही केल्याशिवाय सुटत नाही."

बाई हसल्या. त्यांचं हे हसणं रेडिओवर सगळ्यांच्या ओळखीचं होतं. "विहीणबाई, या घंटेच्या पाण्यावर माझ्या पुस्तकात आख्खं प्रकरण आहे. गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून मी ते गोळा केलंय. घरच्या बाईनं एकटीनं जायचं, उन्हं डोक्यावर यायच्या आत. लोलकावरून पाणी ओतून भांड्यात धरायचं. मग मूल ते पिईपर्यंत वाटेत मागे बघायचं नाही आणि एक अक्षर बोलायचं नाही, बोललं की पाणी वाया. सगळं मला पाठ आहे. आणि सगळं थोतांड आहे."

"मला कुठे काय कळतंय," स्तामेंका म्हणाली आणि ताटल्या उचलायला लागली.

खरं सांगायचं तर बाईंची झोप कधीच उडाली होती. रात्र रात्र त्या खोलीत येरझाऱ्या घालत. सोमवारी बेलग्रेडला वुकाशिनची तपासणी ठरलेली होती. तपासणारा डॉक्टर एके काळचा त्यांचाच विद्यार्थी, आणि चाचणीही त्यांचीच. आजीच्या परीक्षेत नातू नापास, असं लोक म्हणतील, हे दुःख होतंच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. इतक्या वर्षांत त्यांनी आयांना हजारदा 'घाबरू नका' म्हटलं होतं, आणि त्यांतल्या काही आयांनी खरं तर घाबरायला हवं होतं. ती मुलं त्यांना आठवत होती. त्यांचे डोळे, त्यांचे हात. वुकाशिन तसा नाही, असं त्या स्वतःला दिवसातून कितीदा सांगत होत्या, आणि पटत मात्र नव्हतं. परक्याच्या मुलाकडे बघताना शाबूत असलेलं डोकं नातवाकडे बघताना जागेवर राहत नाही.

हातातली सुरी ठेवून बाई मागच्या अंगणात हात धुवायला गेल्या, तर गोठ्याच्या भिंतीपलीकडून तियानाचा आवाज आला. ती ओग्न्येनशी बोलत होती.

"आईला काय विचारायचं? आईला कळत असतं तर तिने आत्तापर्यंत काही केलं नसतं का? ती नुसती बोलत सुटते. मला आता भीती वाटते रे. सोमवारी कोणीतरी काय ते खरं सांगू दे, बस." आणि मग ती रडायला लागली, आवाज न करता, लहानपणी रडायची तशी.

बाई नळ उघडा ठेवून तशाच उभ्या राहिल्या. तियाना आणि ओग्न्येन टोपल्या घेऊन मळ्यात गेले, त्यांच्या पाठोपाठ तोडणीची माणसं गेली, तरी नळ वाहतच होता.

मग बाईंनी तो बंद केला. स्वयंपाकघरातल्या खुंटीवरचा निळा मग पर्समध्ये टाकला, पाण्याची बाटली घेतली आणि शेंगा सोलत बसलेल्या स्तामेंकाला म्हणाल्या, "मी जरा पाय मोकळे करून येते. वुकाशिनकडे बघा."

"या की सावकाश," स्तामेंका म्हणाली. मान मात्र तिने वर केली नाही.

आमचं चर्च टेकडीवर आहे. घंटा चर्चमध्ये नाही, शेजारी लाकडी मनोऱ्यात आहे. मनोरा चारी बाजूंनी उघडा, वर जायला शिडी. प्रोफेसर दोब्रिला पेशिच पांढऱ्याशुभ्र पँटीत, खांद्याला पर्स लटकवून ती शिडी चढल्या. वर कबुतरांचं राज्य होतं. पंखांची धूळ डोळ्यांत गेली, डोळे लालभडक होऊन वाहायला लागले. त्यांचा विश्वास होता का? मुळीच नव्हता. पण विश्वास नसलेला माणूससुद्धा प्रयोग करायला घेतो तेव्हा अर्धवट करत नाही. अर्धवट प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही, हे त्यांनी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना ओरडून सांगितलं होतं.

एका हातात बाटली, एका हातात मग. घंटेखाली वाकून लोलकावर पाणी ओतायचं आणि खाली मगात धरायचं. काम दोन हातांचं नव्हतं, पण एकटीनंच जायचं हा नियम होता. पाणी ओतून झालं, निळा मग अर्धा भरला, आणि बाई मागे सरकल्या. पर्सचा पट्टा घंटेच्या दोराला अडकला आहे हे त्यांना तेव्हा कळलं.

घंटा वाजली. एकच टोला, पण कानाशी वाजलेला. बाई थिजल्या. घंटा शांत होईपर्यंत त्या मग सांभाळत तशाच वाकून उभ्या राहिल्या. मग त्यांनी हळूच पट्टा ओढला आणि घंटा पुन्हा वाजली. पुन्हा थांबल्या. खांदा सोडवायला वळल्या, तर तिसरा टोला. शेवटी पर्सच सोडून द्यायची ठरवली, तर ती दोराला लटकली आणि जड असल्यामुळे तिने आणखी दोनतीन टोले आपल्या आपण दिले. खाली उतरताना खिळ्याला लागून पँट गुडघ्याशी फाटली. मगातलं पाणी मात्र सांडलं नाही.

आता घंटा कशी वाजते यात सगळं असतं. रविवारी प्रार्थनेला ती भरभर वाजते. गारांचा ढग आला की वेड्यासारखी वाजते. आणि थांबून थांबून, एकेक टोला वाजला की गावात कोणीतरी गेलेलं असतं. आणि त्या उन्हाळ्यात आमच्या गावात जायला निघालेलं माणूस एकच होतं. मिलिसावआजोबांच्या उशाशी गेल्या हिवाळ्यात दोनदा शेवटची मेणबत्ती लावून झाली होती.

मळ्यात सगळे उभे राहिले. टोप्या उतरल्या, क्रुसाची खूण करायला हात कपाळाला गेले.

"मिलिसावआजोबा," कोणीतरी म्हणालं, आणि ओग्न्येनने रासबेरीची टोपली तिथेच टाकून घराकडे धाव घेतली. त्याच्या मागे तियाना.

इकडे बाई टेकडी उतरून रस्त्याला लागतात तोच समोर रादोयका. ही स्तामेंकाची शेजारीण. गावात कोणी मेलं तर खुद्द मेलेल्या माणसानंतर पहिली बातमी हिलाच लागते. तिने भर उन्हात काळी शाल पांघरली होती आणि हाताला कणीक तशीच होती.

"प्रोफेसरबाई, कधी गेले हो?"

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. मगात पाणी होतं. त्यांनी जोरजोरात नकाराची मान हलवली.

रादोयकाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. डोळे लाल, गालांवर ओघळ, पँट फाटलेली, तोंडातून शब्द फुटत नाही. "अगं बाई," ती म्हणाली, आणि तिचे स्वतःचे डोळे भरून आले. "तुमचे सख्खे नाहीत, काही नाहीत, तरी किती लागलं हो तुम्हाला. आणि हे पाणी? चर्चमधून आणलंत? त्यांना आंघोळ घालायला? स्तामेंकाला सुचलं नसतं बघा. शिकलेल्या माणसाचं वेगळंच."

बाईंनी पुन्हा मान हलवली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एक शब्द बोलला असता तर सगळं मिटलं असतं. पण शिडी चढणं, पँट, पर्स, सगळं त्या एका शब्दात पाण्यात गेलं असतं. आणि नेमकं पाणी बाद झालं म्हणूनच पोर बोललं नाही, अशी शंका जन्मभर राहिली असती. अशी शंका ठेवून संशोधन करता येत नाही. त्यांनी ओठ घट्ट दाबले आणि निळा मग समोर धरून त्या चालायला लागल्या.

रादोयका त्यांच्या मागे निघाली. पुढच्या फाटकाशी आणखी दोघी वाट बघत होत्या. रादोयका त्यांना कुजबुजत म्हणाली, "काही विचारू नका. दातखीळ बसलीय बिचारीची. मी मयताच्या प्रसादाचा गहू भिजत घालून आलेय." त्याही मागे निघाल्या. पुढे वळणावर फादर येरोतिये स्कूटरवरून आले. ते बाजाराच्या गावी निघाले होते, आणि आपण इथे असताना आपली घंटा तिथे वाजवतंय कोण, हा प्रश्न घेऊन अर्ध्या वाटेतून परतले होते.

"बाई, घंटा कोणी वाजवली?"

बाई त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

"फादर, आत्ता नको," रादोयका म्हणाली.

फादरही स्कूटर ढकलत मागे चालू लागले. बाईंना मागे पावलं ऐकू येत होती, आधी थोडी, मग पुष्कळ. कोणीतरी हुंदके देत होतं. कोणीतरी मृतांसाठीची प्रार्थना पुटपुटायला सुरुवात केली, तिला आणखी आवाज येऊन मिळाले. मागे बघायचं नाही हा नियम होता, म्हणून आपल्यामागे नक्की किती गाव चाललंय हे बाईंना कळत नव्हतं. कळत नव्हतं म्हणून त्या भराभर चालत होत्या, आणि त्या भराभर चालताहेत म्हणून मागचे लोकही भराभर चालत होते.

अशा थाटात सगळे स्तामेंकाच्या अंगणात शिरले. त्याच वेळी दुसऱ्या बाजूने मळ्यातली माणसं पोचली, सगळ्यांत पुढे रडत रडत ओग्न्येन. अक्रोडाखाली मिलिसावआजोबा दुसरी कॉफी पीत बसले होते.

"कोण गेलं?" आजोबांनी विचारलं.

ओग्न्येनने त्यांना मिठीच मारली. कॉफी सदऱ्यावर सांडली.

"अरे, कोण गेलं ते सांग की आधी."

"तुम्ही," रादोयका म्हणाली. तिच्या आवाजात जराशी तक्रार होती.

"मी?" आजोबांनी सदरा झटकला. "मी गेलो असतो तर आधी मला नसतं का कळलं?"

"मी गहूसुद्धा भिजत घातला हो."

"असू दे, असू दे. लागेल कधीतरी." आजोबांनी अंगणभर नजर फिरवली. एवढी माणसं आपल्यासाठी आली याचं त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं. कोण रडतंय, कोण कोरडं उभं आहे, हे त्यांनी सावकाश बघून घेतलं. "जिवोराद सुतार आला नाही वाटतं," ते म्हणाले. "बरं झालं, कळलं."

फादर येरोतियेंनी स्कूटर भिंतीला टेकवली आणि ते पुढे झाले. "आजोबा आहेत, देवाची कृपा. पण मग घंटा कोणी वाजवली? आणि कशासाठी? गारा नाहीत, आग नाही, मयत नाही. प्रोफेसरबाई, तुम्ही तिकडूनच आलात. काय झालं?"

सगळं अंगण बाईंकडे वळलं. बाई मधोमध उभ्या होत्या, निळा मग दोन्ही हातांत धरून. तियाना पुढे आली. "आई? आई, बोल ना काहीतरी."

आणि बाई मूग गिळून उभ्या. जी बाई टोमॅटोवर पाव तास बोलते ती गप्प. देशभराच्या आयांना उत्तर देणारी बाई गप्प. त्या दिवसापर्यंत त्यांना इतका वेळ गप्प बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं, मुलीनेसुद्धा.

स्तामेंकाच्या मांडीवरून वुकाशिन खाली उतरला. लोकांच्या पायांतून वाट काढत तो आजीपुढे येऊन उभा राहिला. त्याने मगाकडे पाहिलं, मग आजीच्या तोंडाकडे पाहिलं. तो वाट बघत होता. हा मग आहे, मग कसा आहे, मग निळा आहे, यांतलं काहीतरी आता येणार. ते आलं नाही. त्याने आणखी थोडी वाट पाहिली. मग त्याच्या कपाळाला आठी पडली, आणि कोणीतरी हे काम करायलाच हवं अशा चेहऱ्याने तो बोलला.

"आजी काय कलते?"

तियानाचा हात तोंडावर गेला.

वुकाशिनने सगळ्यांकडे पाहिलं. कोणीच उत्तर देत नाही हे पाहून ते त्यानेच दिलं. "आजी पानी आनते."

बाई एक पाऊल पुढे झाल्या. त्यांनी श्वास घेतला, ओठ उघडले, आणि तेवढ्यात स्तामेंकाने मागून येऊन त्यांचा दंड धरला.

"थांबा विहीणबाई," ती त्यांच्या कानात म्हणाली. "गुरुवारी सांगता ना तुम्ही? त्याची पाळी त्याला द्या."

बाई थांबल्या. सगळं गाव थांबलं.

"पानी कशं आहे?" वुकाशिनने विचारलं, आजी विचारायची अगदी त्याच सुरात. मग टेकडीवरच्या मनोऱ्याकडे बोट दाखवून त्याने ऐटीत सांगून टाकलं, "घंतेचं."

अंगणातून टेकडी समोर दिसते, मनोराही दिसतो. पांढरी पँट शिडीवर चढलेली तर लांबूनही दिसते. स्तामेंका आणि नातवाने शेंगा सोलता सोलता सगळा प्रकार पहिल्यापासून पाहिला होता, आणि स्तामेंका मुद्दाम काही बोलली नव्हती.

"घंटेचं पाणी," फादर येरोतिये सावकाश म्हणाले. "प्रोफेसरबाई?"

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळं अंगण हसायला लागलं. रादोयका काळ्या शालीने डोळे पुसत हसत होती. तियाना हसतही होती आणि रडतही होती. वुकाशिनला तिने उचलून छातीशी घट्ट धरलं होतं. "आई, ऐकलंस? आई, तू ऐकलंस ना?" बाईंनी मान डोलावली. या वेळी डोळ्यांतलं पाणी कबुतरांमुळे नव्हतं. लाज वाटत होती, फार वाटत होती. चार लोकांत इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती, आणि इतका आनंदही झाला नव्हता. त्यातही डोक्याच्या एका कोपऱ्यात नोंद झालीच: र च्या जागी ल, वयाला अगदी योग्य.

पण त्या अजून गप्पच. नियम अजून संपला नव्हता. त्यांनी तो मग वुकाशिनच्या तोंडाशी नेला. वुकाशिनने आत पाहिलं. वर कबुतराचं एक पीस तरंगत होतं. त्याने मग घेतला, आईच्या कडेवरून उतरून तो पणजोबांकडे नेला आणि त्यांच्या हातात दिला. मिलिसावआजोबांना एवढ्या धावपळीत तहान लागलेलीच होती. त्यांनी पीस बाजूला केलं आणि सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं.

बाईंनी हताश होऊन स्तामेंकाकडे पाहिलं.

"आता बोललात तरी चालेल," स्तामेंका म्हणाली. "पण घाई काय आहे?"

त्या दुपारी गाव उठून जाईना. सांत्वनाला आलेले लोक जेवूनच गेले. आजोबा आपल्या मयताला आलेल्यांना आग्रह करकरून वाढत होते. सगळे पांगल्यावर दोघी विहिणी भांडी विसळत होत्या, तेव्हा स्तामेंका म्हणाली, "एक सांगते, फादरना सांगू नका. मी त्याला ईस्टरलाच पाजलं होतं ते पाणी, तुमच्या माघारी. काही झालं नाही. तेव्हापासून मी आपलं तुमचं ऐकून बघत होते, रेडिओवरचं. तुम्ही घरात नसलात की विचारायचं आणि थांबायचं."

"आणि ईस्टरला का नाही झालं?" बाईंनी विचारलं. विचारून झाल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला.

"येताना वाटेत रादोयका भेटली ना," स्तामेंका म्हणाली. "तिच्याशी न बोलता कोण सुटलंय?"

सोमवारी बेलग्रेडला चाचणी झाली. त्या डॉक्टरने नंतर तियानाला सांगितलं, चाचणी दहा मिनिटांत उरकली, मूल छान आहे, काळजीचं काही नाही. उरलेला वेळ वुकाशिन त्यांना आजी, शिडी आणि घंटा सांगत होता. "बाई, असं काही झालं होतं का?" डॉक्टरने विचारलं. बाई खिडकीबाहेर बघत गप्प बसल्या. वुकाशिनच म्हणाला, "झालं."

त्या गुरुवारी आम्ही सगळे स्तामेंकाच्या स्वयंपाकघरात रेडिओभोवती बसलो होतो. लेस्कोवात्सहून एका आईचा फोन आला. तिचा मुलगा अडीच वर्षांचा होता आणि बोलत नव्हता. ती सांगत होती तेव्हा मागून दुसरा एक आवाज येत होता, खणखणीत: "कान तपासले ते सांग. सांग, मी दिवसभर त्याला एकेक वस्तू दाखवते. चमचा कुठेय, चमचा काय करतो, सगळं सांगते. दे इकडे फोन, तुला सांगता येत नाही."

"मागे कोण बोलतंय?" दोब्रिलाबाईंनी विचारलं.

"सासूबाई. फार माया आहे त्यांची. सारख्या बोलत असतात त्याच्याशी." ती बिचारी जरा घुटमळली. "त्या म्हणतात घंटेचं पाणी पाजू. मी म्हटलं, आधी तुम्हाला विचारते. तुम्ही पुस्तकात लिहिलंय ना, की ते थोतांड आहे म्हणून."

रेडिओ गप्प झाला. इतका वेळ गप्प की रादोयकाने उठून त्याला दोन थपडा मारल्या. "बंद पडला वाटतं."

"पडला नाही," स्तामेंका म्हणाली. "बस खाली. त्या थांबल्यात."

"पाजा," बाईंचा आवाज आला. "पण पाणी सासूबाईंनीच आणायला हवं. पायी जाऊन. वाटेत एक अक्षर बोलायचं नाही. आणि घरी आल्यावरही मूल बोलेपर्यंत त्यांनी तोंड उघडायचं नाही."

"आणि पाणी किती पाजायचं?"

"पाण्याचं काही नाही. पाणी कोणीही प्यालं तरी चालेल."

"एकदाच ना?"

"छे," दोब्रिलाबाई म्हणाल्या. "रोज."